भूमध्य समुद्राचा भिंतीवरचा नकाशा-संच: छपाई झकास, एका होडीने केला घोळ

40 बाय 28 इंचाचे दोन लॅमिनेटेड तक्ते आणि 24 पानांची पुस्तिका, एवढाच हा संच. पहिल्या तक्त्यावर ग्रीक आणि फिनिशियन (आजच्या लेबनॉनच्या किनाऱ्यावरचे जुने दर्यावर्दी) लोकांनी समुद्रकाठी वसवलेली नगरं आहेत, दुसऱ्यावर पहिल्या तीन शतकांतल्या ख्रिस्ती मंडळ्या, म्हणजे विश्वासणाऱ्यांचे गट. गावच्या अभ्यासिकेत किंवा रविवारच्या शाळेत लावायच्या हिशेबाने अक्षर मोठं आहे, मागच्या बाकावरूनही वाचता येतं. समुद्राचा निळा रंग फिका ठेवला हे बरं केलं, त्यावर पेनने रेघ ओढली की ठळक दिसते.

पहिला तक्ता खरोखर कामाचा आहे, कारण त्याचं प्रमाण नीट पाळलं आहे: 1 सेंमीला 40 किमी. ग्रीकांच्या थेरा बेटापासून आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या कुरेनेपर्यंत पट्टी लावा, जवळपास 13 सेंमी भरतात. म्हणजे सरळ रेषेतच 500 किमीच्या वर, आणि तेही वल्ह्यांवर. जुना ग्रीक इतिहासकार हिरोडोटस याने दिलेली हकीकत या रेषेवर बोट ठेवून सांगावी. थेरावर सात वर्षं पाऊस नाही. घरातल्या दोन भावांपैकी एकाने जायचं, कोण ते चिठ्ठी टाकून ठरलं. पन्नास वल्ह्यांची दोन गलबतं निघाली. तिकडे जमेना म्हणून परत आले तर गावकऱ्यांनी दगड मारून बंदराला लागूच दिलं नाही. मग आधी प्लाटिया बेटावर दोन वर्षं, पुढे दुसऱ्या जागी सहा वर्षं, आणि शेवटी इ.स.पू. 631 च्या सुमारास कुरेने. कोरडवाहू मुलखातल्या पोरांना हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

नगर कसं वसवायचे, ते पुस्तिकेत चांगलं दिलं आहे. डेल्फीला, अपोलो देवाच्या ठाण्यावर, कौल घ्यायचा, एक संस्थापक नेमायचा, मूळ नगराच्या अग्निकुंडातला विस्तव सोबत न्यायचा, उतरल्यावर देवळांची जागा सोडून बाकी जमिनीचे सारखे तुकडे पाडायचे. गोसीखुर्द धरणात बुडालेल्या गावांनी नव्या गावठाणात मातामाय (ग्रामदेवी) कशी नेली, हे ठाऊक असलेल्याला विस्तवाचा मुद्दा लगेच पटतो. एक फरक मात्र पुस्तिकेने सांगायला हवा होता: ग्रीकांचं नवं नगर पहिल्या दिवसापासून स्वतःच्या कारभाराचं असायचं, आईनगराशी नातं उरायचं ते देवाधर्माचं आणि मानपानाचं.

आता घोळाकडे येऊ. दोन्ही तक्त्यांवर ‘वसाहत’ म्हणून एकच होडीचं चिन्ह छापलं आहे. सिराकूसला (करिंथच्या लोकांनी वसवलेलं, इ.स.पू. 733) होडी, कार्थेजला (टायरच्या फिनिशियनांचं, परंपरेने इ.स.पू. 814) तीच होडी, फिलिप्पैलाही तीच. पण फिलिप्पै ही, गावोगाव सुवार्ता सांगत फिरणाऱ्या प्रेषित पौलाच्या वेळी, रोमन वसाहत होती. इ.स.पू. 42 च्या लढाईनंतर तिथे निवृत्त शिपायांना जमिनी देऊन बसवलं होतं. पोट भरेना म्हणून निघालेले थेराकर वेगळे आणि पेन्शनीत वावर मिळालेला शिपाई वेगळा. करिंथचं तर विचारूच नका. जुनं करिंथ रोमनांनी इ.स.पू. 146 मध्ये उद्ध्वस्त केलं आणि ज्युलियस सीझरने इ.स.पू. 44 मध्ये नव्याने वसवलं, बरेचसे मुक्त केलेले गुलाम आणून. पौल इ.स. 50 च्या आसपास तिथे दीड वर्ष राहिला, तेव्हा त्या नगराला शंभर वर्षंही झाली नव्हती. सगळेच बाहेरून आलेले, जुनी घराणी कमी. अशा ठिकाणी रोमहून निघावं लागलेले अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला तंबू शिवायचं दुकान मांडून बसतात आणि पौल त्यांच्याकडे कामाला लागतो, हे मग नवल वाटत नाही. तक्त्यावर मात्र करिंथखाली ‘इ.स. 44’ छापलं आहे. ‘पू.’ गळाला. पोरं म्हणणार, पौलाच्या डोळ्यांदेखत नगर बांधलं!

यावर उपाय स्वस्त आहे. बाजारातून टिकल्यांची चार रंगांची पाकिटं आणा. लाल ग्रीकांना, हिरवी फिनिशियनांना, पिवळी रोमन वसाहतींना (फिलिप्पै, करिंथ, त्रोवस, लुस्त्र, पिसिदियातलं अंत्युखिया), निळी मंडळ्यांना. पिवळी आणि निळी कुठे कुठे शेजारी येतात ते बघा, अर्धा धडा तिथेच होतो. मे महिन्यात टिनाच्या छपराखाली टिकलीचा गोंद वितळतो आणि टिकली करिंथवरून घसरत समुद्रात जाते. तेव्हा मार्कर वापरा, सॅनिटायझरच्या बोळ्याने पुसला जातो.

दुसऱ्या तक्त्यात प्रमाणच आडवं येतं. किंख्रिया हे करिंथचं बंदर जेमतेम 10 किमीवर, म्हणजे कागदावर पाव सेंमी. दोन ठिपके एकात एक. बायबलच्या शेवटच्या पुस्तकातल्या, प्रकटीकरणातल्या, सातही मंडळ्या पाच-सहा सेंमीत कोंबल्या आहेत. कोपऱ्यात एक मोठं करून दाखवलेलं चित्र दिलं असतं तर भागलं असतं. समुद्रातल्या वाटा जाड रेघेने आहेत, पण फिलिप्पैहून थेस्सलनीकाकडे जाणारा एग्नातिया हा रोमन रस्ता गायब. त्यामुळे माणसं होडीतच जन्मली असा समज होतो.

नावांचा त्रास वेगळाच. तक्त्यावर ‘कोरिन्थ’, ‘एफेसस’, ‘सायरीन’. मराठी पवित्र शास्त्र वाचणारी बाई ‘करिंथ’, ‘इफिस’, ‘कुरेने’ शोधते आणि सापडत नाही म्हणून तक्ता चुकीचा ठरवते. दोन्ही नावं छापायला जागा भरपूर होती. कुरेने तर दुसऱ्या तक्त्यावर साधा ठिपकाही नाही. सीरियातल्या अंत्युखियात (पिसिदियातलं वेगळं) ग्रीक लोकांना पहिल्यांदा सुवार्ता सांगणारे कुप्र आणि कुरेनेचेच होते, हे प्रेषितांच्या कृत्यांत अकराव्या अध्यायात स्पष्ट आहे. थेराच्या दुष्काळापासून अंत्युखियापर्यंतची ही एक ओळ दोन्ही तक्ते जोडू शकली असती. मार्करने ओढून घ्या.

पुस्तिकेत मंडळीसाठी सगळीकडे ‘चर्च’ आणि शेजारी उंच मनोऱ्याचं चित्र. पहिल्या शतकात अशी इमारत नव्हती, लोक कुणाच्या तरी घरी जमत. सीरियातल्या ड्युरा-युरोपसला तिसऱ्या शतकातलं घर सापडलं, त्यातही दोन खोल्यांमधली भिंत पाडून बैठकीची जागा केलेली. आपल्या मराठीत ‘मंडळी’ हा नेमका शब्द असताना तो टाळायचं कारण कळत नाही.

लावण्याबद्दल. मातीच्या भिंतीत खिळा तग धरत नाही, छपराच्या फाट्याला सुतळी बांधून तक्ता लोंबता सोडा, खालची कड जमिनीपासून तीन फुटांवर. कूलरच्या झोतासमोर नको. ओलाव्याने लॅमिनेशनची कड उकलते आणि एकदा आत पाणी शिरलं की निळा रंग सुटतो. घरी आणताच चारही कडांना रुंद पारदर्शक टेप मारा. गुंडाळून ठेवायचा तर छापील बाजू बाहेर ठेवून, भिंतीपासून दूर. उधईला यातला कागद आवडतो, प्लास्टिक नाही, म्हणून ती कडेनेच आत घुसते. पुस्तिकेच्या पिना पावसाळ्यात गंजतात, त्या काढून दोऱ्याने शिवून घ्या.