पावसाचं पाणी जिरवायचंय: खड्डा, बाग की पेव्हर?

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यातला आंबिल ओढा फुगून सहकारनगर-अरण्येश्वर भागात घुसला. तेव्हापासून आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत 'आपल्या आवारातलं पाणी आपणच जिरवू' हा विषय निघतोच, आणि 'कसं?' इथे अडतो. तुमच्याकडेही तेच चाललं असेल, तर आधी हिशेब करा. ५०० चौरस मीटर गच्चीवर तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस पडला, की २५ हजार लिटर पाणी झालं. आता प्रत्येक पर्याय या आकड्यापुढे उभा करा.

शोषखड्डा स्वस्त पडतो, जागाही कमी खातो. पण दोन मीटर लांब, रुंद आणि खोल खड्डा गोटे-खडीनं भरला की पाण्याला उरते जेमतेम तीन हजार लिटरची पोकळी. बाकी सगळी मदार जमिनीवर, आणि पुण्याखाली आहे काळा कातळ. मुरूम किंवा भेगाळ खडक लागला तर खड्डा पाणी पितो. सलग कातळ लागला तर ती नुसती टाकी. म्हणून नियोजित जागी फूटभर खणून आधी पाणी ओता आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन बघा. आमच्या कंत्राटदारानं हे केलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. पहिल्याच मोठ्या सरीत खड्डा भरून पाणी पार्किंगमध्ये आलं.

बोअरवेलमध्ये पाणी सोडणार असाल तर फक्त गच्चीचं, तेही गाळून, आणि मोसमातल्या पहिल्या सरी बाहेर काढून. पार्किंगचं तेलकट पाणी तिकडे चुकूनही वळवू नका.

पाऊसबागेचं नाव ऐकलं की सभेत हमखास हात वर होतो: डास! पाऊसबाग म्हणजे वीतभर खोलगट वाफा. वर माती-वाळूचं मिश्रण, खाली खडी, आणि कर्दळ, वाळा अशी ओल सोसणारी झाडं. डासाच्या अंड्याचा डास व्हायला साधारण आठवडा लागतो. नीट केलेला वाफा एक-दोन दिवसांत रिकामा होतो. होत नसेल तर बांधणी चुकलीय. ५० चौरस मीटरचा, २० सेंटिमीटर खोल वाफा दहा हजार लिटर धरतो, म्हणजे आमच्या खड्ड्याच्या तिप्पट. शिवाय काय बिघडलंय ते डोळ्यांना दिसतं. मात्र तो इमारतीच्या पायापासून लांब हवा आणि जादा पाण्याला वाट हवी. तेवढी मोकळी जागा नसेल तर विषय संपला.

पाणी झिरपू देणारे पेव्हर, म्हणजे फरसबंदीचे ठोकळे, कागदावर सगळ्यांना हरवतात. २०० चौरस मीटरखाली ३० सेंटिमीटर खडी असली तर सुमारे २४ हजार लिटर मावतं. पण खर्च दणदणीत, आणि शेजारी बांधकाम चालू असेल तर धुळीनं फटी बुजतात. काँक्रीटवर बसवलेले नेहमीचे पेव्हर यात धरू नका; विकणारे धरतात.

राहिलं लोकांना शिकवणं. त्यानं एक थेंबही जिरत नाही, म्हणून त्यासाठी पैसे मागितले की सभासद कुरकुरतात. पण गेल्या जुलैत गच्चीवर घोटाभर पाणी साचलं, तेव्हा पन्हळीच्या तोंडावरच्या जाळीत निघाली गुलमोहराची पानं, दुधाची पिशवी आणि कुणाच्या तरी पूजेचा हार. खाली काहीही बांधलं असतं तरी तिथवर पाणी पोचलंच नसतं.

जागा असेल तर मी आधी बाग करीन, खड्डा नंतर, आणि पेव्हर रस्ता उखडायचाच असेल तेव्हा. जाळीचं काम मात्र त्याआधी सुरू झालंय. वॉचमनच्या केबिनमध्ये गच्चीच्या किल्लीशेजारी वही टांगली आहे. दर रविवारी एक मजला जाळ्या साफ करतो आणि सही करतो. तिसऱ्या मजल्याच्या दोन सह्या बाकी आहेत.