पैसे देऊन मागवलेले ढेकूण (पाचपैकी साडेतीन तारे)

माहेर पुणे जिल्ह्यातल्या, बटाट्यासाठी ओळखल्या जाणाऱ्या सातगाव पठारावरचं, त्यामुळे न्यू जर्सीत आले तरी परसात बटाटा लावणं सुटत नाही. इथे मात्र बटाट्याची पानं खाणारा कोलोरॅडो भुंगेरा पाठ सोडत नाही. पिवळ्या पाठीवर दहा काळे पट्टे, पानाखाली नारिंगी अंड्यांचे पुंजके. तिकडे ही पीडा नाही, नशीबच! फवारणीवर भरवसा नाही. हा किडा पन्नासाहून जास्त कीटकनाशकांना पुरून उरलाय, डीडीटीला तर १९५०च्या दशकातच.

म्हणून या भुंगेऱ्याच्या अळ्या खाणारे शिकारी ढेकूण मागवले. "पैसे मोजून ढेकूण?" सासूबाई फोनवर. अहो आई, गादीतले नव्हेत, झाडावरचे!

डब्यात बरीच पिल्लं मेलेली, काहींनी तर एकमेकांनाच खाल्लेलं. विक्रेत्याने अर्धेच पैसे परत केले. दीड तारा तिथेच गेला.

काम मात्र फक्कड. ढेकूण सोंड पुढे काढतो, भुंगेऱ्याच्या लालसर अळीत खुपसतो; अळी वळवळते, लुळी पडते, आणि शेवटी नुसतं कातडं लोंबतं. चहा घेऊन बघत बसावं असं.

पूर्ण वाढलेल्या भुंगेऱ्यांवर फारसा उपयोग नाही, ते वेचून साबणाच्या पाण्यात टाकावे लागतात. ढेकणांची अंड्यातून नुकतीच निघालेली पिल्लं शिकार करत नाहीत, म्हणून जरा मोठी मागवा आणि अळ्या बारीक असतानाच सोडा. परसापुरतं परवडतं, एकराला नाही. आणि घरी कोणी असेल त्याच दिवशी डबा येईल असं बघा, उन्हात पडला तर संपलंच.