टेडी उचलायच्या मशिनमध्ये मला १,५५,५०० रुपयांना गंडवलं

सांगलीत विश्रामबागला माझं ज्यूस सेंटर आहे. दारात पोरांसाठी क्लॉ मशीन ठेवायचं म्हणून ऑनलाइन सापडलेल्या एका विक्रेत्याकडून घेतलं. ठरलेली किंमत १,४८,०००. ६०,००० आगाऊ, ८८,००० माल चढवण्याआधी, वर टेम्पोचे ७,५००. पूर्ण पैसे आधी घेणारा माणूस कसा असतो, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

कोटेशनमध्ये लिहिलं होतं: पावडर कोटिंग केलेली लोखंडी बॉडी, टफन्ड काच, स्टीलचा पंजा. आलं काय? समोरचा पत्रा तेवढा खरा. बाकी सगळं एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी, वर फिल्म चिकटवलेली. लोहचुंबक लावलं तर बाजूला चिकटेचना. फरशी पुसायच्या पाण्यानेच खालची कड पावासारखी फुगली. पंजा प्लॅस्टिकचा, चंदेरी मुलामा नखाने निघतो.

आणि काच! ते आठवलं की अजून डोकं फिरतं. पैसे द्यायच्या आधी व्हिडिओ कॉलवर त्याच्या कारागिराने माझ्या डोळ्यांदेखत कुलपासाठी त्या ‘टफन्ड काचे’ला ड्रिलने भोक पाडलं. पांढरा भुसा पडताना मी पाहिला. टफन्ड काचेला भोकं आधीच पाडून घेतात. नंतर ड्रिल लावलं तर अख्ख्या काचेचा चुरा होतो. ते अ‍ॅक्रिलिक होतं! तिथेच कळायला हवं होतं, पण ज्यूसवाल्याला हे कोण सांगणार? मला कुपवाड एमआयडीसीतल्या एका फॅब्रिकेटरने सांगितलं, तेही पैसे गेल्यावर. मशीन घेताय तर असा माणूस आधी गाठा.

पोलीस ठाण्यात म्हणाले, “माल मिळाला ना? मग हा दिवाणी मामला.” अहो, काच सांगून प्लॅस्टिक देणं ही फसवणूक नाही तर काय? अर्जाची पोचसुद्धा भांडून घ्यावी लागली. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, तर पुन्हा ठाण्यातच जा म्हणाले. ग्राहक तक्रारीचं विचारलं, तर धंद्यासाठी घेतलंय म्हणून तुम्ही ग्राहकच नाही! २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्पष्ट आहे की स्वयंरोजगारातून केवळ पोट भरण्यासाठी स्वतः वापरायला घेतलेली वस्तू ‘व्यावसायिक हेतू’त धरत नाहीत, म्हणजे असा माणूस ग्राहकच असतो. ते कलम टेबलावरच्या माणसाला मी वाचून दाखवायचं? लोकांनी दाद मागायची तरी कुठे?

कॉलचं रेकॉर्डिंग ठेवा. जीएसटी नंबर असलेलं पक्कं बिल घ्या, कोटेशनला कोणी विचारत नाही. टेम्पोतून उतरवतानाच चुंबक लावा आणि खोटं निघालं तर तिथूनच परत पाठवा. माझं दोन पोरांनी सहज उतरवलं होतं, लोखंडी म्हणवणारं मशीन इतकं हलकं कसं, ही शंका तेव्हाच यायला हवी होती. त्या विक्रेत्याचा फोन आता बंद आहे, जाहिरात मात्र अजून चालू आहे.