दगड उत्तम, पण ‘थेट टाकीत ठेवा’ यावर जाऊ नका

गेल्या महिन्यात ऑनलाइन पाच किलोची पिशवी मागवली, ४५० रुपयांना. वर लिहिलं होतं, ‘अ‍ॅक्वेरियमसाठी नैसर्गिक दगड, धुतलेले, थेट टाकीत ठेवा’. माझी टाकी दोन फुटी, साधारण ५५ लिटरची, आत बारा निऑन टेट्रा. या माशांना मऊ पाणी मानवतं, म्हणून दगडांच्या बाबतीत मी फार जपून असते.

पिशवीत अकरा दगड निघाले. आठ काळे, आपल्या सह्याद्रीचा बेसाल्ट असतो तसे, आणि तीन राखाडी, पांढऱ्या शिरांचे. आकार खरंच सुंदर आहेत. एक तर असा कडेने तासल्यासारखा, की उभा केला की कडाच वाटतो. निवड करणाऱ्याची नजर चांगली आहे, हे मनापासून सांगते.

पण धुतलेले? पहिल्याच बादलीत पाणी बिनदुधाच्या चहासारखं झालं. काथ्याच्या ब्रशने आणि दातांच्या जुन्या ब्रशने एकेक भोक घासलं, चार पाणी बदलली, तेव्हा कुठे नितळ दिसायला लागलं. साबण किंवा भांड्यांचं लिक्विड अजिबात वापरलं नाही; ते दगडाच्या छिद्रांत बसतं आणि मग टाकीत उतरतं. कढत पाणी वरून ओतलं, तेही आधी दगड कोमट पाण्यात ठेवून. गॅसवर उकळू नका. आत अडकलेल्या पाण्याची वाफ झाली की दगड फुटू शकतो.

खरी गोष्ट पुढची. काळ्या दगडांत पांढरे ठिपके होते. आपल्याकडच्या बेसाल्टच्या पोकळ्यांत झिओलाइट नावाचं खनिज असतं तसं कॅल्साइट, म्हणजे चुन्याचं खनिजही असतं, आणि नुसत्या डोळ्यांनी दोन्ही सारखीच पांढरी दिसतात. म्हणून दगड कोरडे करून प्रत्येक ठिपक्यावर ड्रॉपरने व्हिनेगरचा थेंब सोडला आणि दगड कानाशी धरला. आठही काळे गप्प. पहिल्या राखाडी दगडाच्या शिरेवर मात्र थेंब पडताच बारीक बुडबुडे आले, आणि चुरचुर ऐकू आली. तिन्ही राखाडी तसेच. म्हणजे चुनखडी. ती पाण्यात हळूहळू विरघळते, पाण्याचा कठीणपणा आणि पीएच दोन्ही वर नेते.

व्हिनेगर सौम्य असतं, त्यामुळे थेंब गप्प राहिला म्हणून दगड पास झाला असं मी धरत नाही. काळे एका बादलीत, राखाडी दुसऱ्या बादलीत, नळाचं पाणी, सात दिवस. आमच्या सिंहगड रोडच्या पाण्याचा टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) तेव्हा ९० होता. आठवड्याने काळ्यांच्या बादलीत ९४, राखाडींच्या बादलीत १६८. विक्रेत्याला फोन केला तर म्हणाले, “ताई, सगळे तसेच टाकतात, काही होत नाही.” याचा मला राग आला. नवशिक्या माणसाने पिशवीवर विश्वास ठेवला असता, तर पाणी का बिघडलं हे त्याला कळलंही नसतं.

एका काळ्या दगडावर गंजासारखा तांबूस डाग होता, तो मी बाजूला काढला. धातूची चमक किंवा गंज दिसला की मी धोका पत्करत नाही. शेवाळ नव्हतं म्हणून ब्लीचची गरज पडली नाही. तुम्हाला पडली, तर व्हिनेगर आणि ब्लीच कधीही एकत्र येऊ देऊ नका, विषारी क्लोरीन वायू तयार होतो. ब्लीचनंतर दगड भरपूर धुऊन, क्लोरीन काढणारं औषध घातलेल्या पाण्यात भिजवा.

पुन्हा घेईन का? काळ्यांसाठी, हो. विक्रेत्याने काळे आणि राखाडी वेगळे विकले आणि ‘थेट टाकीत’ हे शब्द काढले, तर कोणालाही सुचवेन. तीन राखाडी दगड मी खालच्या मजल्यावरच्या काकांना दिले. त्यांच्याकडे आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातले सिक्लिड मासे आहेत, त्यांना कठीण पाणीच लागतं. परवा बघायला गेले, तर एक पिवळा मासा त्या शिरांच्या दगडाखाली वाळू उकरून घर करत होता.