फोंड्याच्या क्रेडिट सोसायटीतलं घरकर्ज : व्याज चढं, पण गोव्याचे कागद कळतात

शिरोड्याला बाबांनी घेऊन ठेवलेल्या प्लॉटवर घर बांधायला आम्ही फोंड्यातल्या एका अर्बन क्रेडिट सोसायटीचं कर्ज घेतलं. नाव लिहीत नाही कारण पुढे थोडी तक्रारपण आहे आणि जामीनदार अजून आमच्याशी बोलतायत ते तसंच राहू दे.

आधी एक क्लिअर करतो. नावात अर्बन आहे म्हणून ती बँक नव्हे. अर्बन बँकेवर आरबीआय बसलेली असते, क्रेडिट सोसायटीवर नाही, तिथे सगळं सहकार निबंधकांच्या हाताखाली चालतं आणि कर्ज फक्त सभासदालाच मिळतं. त्यामुळे सुरुवात शेअर्स घेण्यापासून. कर्जाच्या प्रमाणात शेअर्सचे पैसे कापून घेतात, म्हणजे मंजूर झाले तेवढे हातात पडत नाहीत. हे काउंटरवर कोणी आपणहून सांगत नाही, विचारावं लागतं. डिव्हिडंड मिळतो म्हणा, पण चिरे घ्यायची वेळ असते तेव्हा डिव्हिडंडचं काय करू.

मग बँक सोडून इथे का? तर माझं इलेक्ट्रिकलचं काम, निम्मं रोखीत, रिटर्न भरतो पण त्यातला आकडा बघून बँकेचा माणूस आधी माझ्याकडे बघतो मग स्क्रीनकडे. सोसायटीत तसं झालं नाही कारण त्यांचा पिग्मीवाला कित्येक वर्षं रोज संध्याकाळी आमच्या दुकानावर येतो, पावसात येतो, चवथीच्या आदल्या दिवशीसुद्धा येतो, धंदा कधी चालतो कधी झोपतो ते त्याच्या मशीनमध्ये आहे. मॅनेजरने पिग्मीचं खातं उघडलं आणि हप्ता किती झेपेल ते तिथेच बोलला. सिबिल बघतातच, ते चुकत नाही कुठेच.

दुसरं आणि खरं कारण म्हणजे जमिनीचे कागद. प्लॉट बाबांच्या नावावर, बाबा गेले. आता गोव्यात लग्नाच्या वेळी वेगळा करार केला नसेल तर नवराबायकोची मालमत्ता एकत्र धरतात, म्हणजे अर्धी आईचीच, आणि बाबांच्या अर्ध्यात मी आणि बहीण. सक्सेशन डीड झालं, बहिणीने हक्क सोडला, त्यावर भावोजींची सही, माझ्या बाजूने माझ्या बायकोची सही. आपल्याला हे पाठ असतं. पण ज्या बँकेत आधी गेलो होतो तिथली फाईल राज्याबाहेरच्या लीगलवाल्याकडे गेली आणि तो प्रत्येक वेळी नवीन शंका काढून परत पाठवायचा, भावोजींचा संबंध काय, वारस दाखला कुठे, आईला सहकर्जदार करा, मग म्हणे आईचं वय बसत नाही. सोसायटीचा वकील इथलाच. त्याने सर्च काढला, एक-चौदाच्या उताऱ्यावर (म्हणजे गोव्याचा सातबारा) मुंडकार, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणारा, किंवा कुळाचं नाव नाही ना बघितलं, कलेक्टरची बिनशेतीची सनद बघितली, पंचायतीचा बांधकाम परवाना बघितला आणि आई मालकीण म्हणून मॉर्गेजवर सही करेल, कर्जदार आम्ही नवराबायको, असं सरळ ठरवून टाकलं. सब-रजिस्ट्रारकडे आईला खुर्ची पण त्यांच्याच माणसाने आणून दिली, हेही लिहायला पाहिजे.

कागद कच्चे असतील तर मात्र इथेही सोडत नाहीत हां. आमच्या ओळखीच्या एकाचं घर मुंडकार म्हणून, अजून मामलेदाराकडे खरेदी पूर्ण नाही, त्याला ओळख असूनसुद्धा नाही म्हटलं. बरोबरच आहे ते.

पैसे टप्प्याटप्प्याने देतात. जोतं झालं की एक, भिंती वर आल्या की एक, स्लॅब, मग प्लास्टर. दर वेळी त्यांचा इंजिनिअर साईटवर येणार, फोटो काढणार, रिपोर्ट देणार, तोपर्यंत पुढचे पैसे सुटत नाहीत. आणि पॅनेलवर इंजिनिअर एकच! स्लॅबच्या वेळी तो भेटेना, वर मे संपत आलेला, सेंट्रिंगवाला रोज फोन करून डोकं खातोय, जूनचा पाऊस लागला की मेलो. शेवटी स्टील-सिमेंटचे पैसे मेव्हण्याकडून फिरवले. ही माझी सगळ्यात मोठी तक्रार. गोव्यात बांधकामाला कर्ज देणाऱ्या संस्थेला पावसाळा कधी येतो हे कॅलेंडर बघून कळायला पाहिजे ना. एक बरं, व्याज उचललेल्या रकमेवरच लागतं, पूर्ण मंजुरीवर नाही.

आता व्याज. मोठ्या बँकेपेक्षा साधारण दीड टक्का जास्त पडलं, आणि दर संचालक मंडळ ठरवतं. बँकांची फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या दराची, घरकर्जं ऑक्टोबर २०१९ पासून रेपोसारख्या (आरबीआय बँकांना उसने देते तो दर) बाहेरच्या दराला बांधलेली आहेत, त्यामुळे २०२५ मध्ये आरबीआयने रेपो साडेसहावरून सव्वापाचवर आणला तेव्हा बँकवाल्या मित्रांचे दर आपोआप उतरले. आमच्याकडे पुढच्या मीटिंगमध्ये घेऊ, पुढच्या मीटिंगमध्ये घेऊ. कमी केला शेवटी, पण पाव टक्का. वर जाताना लिफ्ट आणि उतरताना जिना. वीस वर्षांच्या कर्जाला ही दीड टक्क्याची गोष्ट छोटी नाही, चाळीस लाख असतील तर महिन्याला चार हजाराच्या आसपास फरक पडतो, स्वतः कॅल्क्युलेटरवर घालून बघा. मुदतीआधी फेडलं तर दंड आहे का तेही सही करण्याआधी लेखी घ्या, कारण बँकांना वैयक्तिक फ्लोटिंग घरकर्जावर तो लावता येत नाही पण सोसायटीला तो नियम लागू नाही. आमच्या सोसायटीत नाहीये दंड.

जामीनदार दोन, दोघेही सभासद पाहिजेत. हे प्रकरण पैशापेक्षा अवघड. नातेवाईक एकदम बिझी होतात. आणि हप्ता चुकला तर नोटीस नंतर येईल, त्याआधी वरच्या बाजारात कोणीतरी विचारतंच, काय रे, बरं आहे ना सगळं?

लोक विचारतात बुडाली तर? म्हापसा अर्बन बँकेचं लायसन्स २०२० मध्ये गेलं, मडगाव अर्बन बँकेचं २०२१ मध्ये, त्यामुळे भीती खोटी नाही. पण कर्जदाराने वेगळा विचार करायचा, कर्ज तर आपल्याला फेडायचंच आहे. अडकतात ते शेअर्सचे पैसे आणि ठेव. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा आहे, सोसायटीतल्या ठेवीला तो नाही. म्हणून मॅनेजर प्रेमाने एफडी पण इथेच ठेवा म्हणाला तेव्हा मी चहा पिऊन उठलो. पिग्मी चालू आहे, ती बास.

पक्का पगार आहे आणि बिल्डरचा फ्लॅट घेताय तर इथे कशाला जाता, बँकेतच जा. वडिलोपार्जित जमीन, चार सह्या, रोखीचा धंदा असं असेल तर सोसायटीत जरूर जा, पण एप्रिलच्या आधी स्लॅबपर्यंत पोचता येईल असं धरून अर्ज टाका. आणि मूळ कागद देताना प्रत्येक डीडचा नंबर आणि तारीख घातलेली शिक्क्याची पोच मागा. कर्ज फिटल्यावर तीस दिवसांत कागद परत नाही दिले तर दिवसाला पाच हजार भरपाई हा २०२३ चा नियम बँकांना आहे, सोसायटीला नाही. आम्हाला पहिल्यांदा नुसतं ‘कागद मिळाले’ लिहून दिलं होतं, बायकोने काउंटरवर उभं राहून यादी टाईप करून घेतली.