दोन-अडीच वर्षांचा जर्मन शेफर्ड अचानक गुरगुरायला लागला म्हणून बोलावलेल्या बिहेवियर कन्सल्टंट, म्हणजे कुत्र्यांच्या वागणुकीच्या सल्लागार (पुणे, घरी येतात)

ज्यांच्याकडे मोठ्या जातीचा कुत्रा आहे त्यांच्यासाठी मुद्दाम सविस्तर लिहितेय. आमचा ब्रूनो लहानपणापासून सगळ्यांच्या अंगावर लोळणारा, आणि एकदम काय झालं कळेना, झोपलेला असताना कोणी पाठीवर हात ठेवला की गुरगुरायचा, एकदा तर सासूबाईंच्या हातावर झडपच घातली (दात लागले नाहीत). आधी ज्या ट्रेनरला विचारलं तो म्हणाला चोक चेन (ओढली की गळ्याला आवळणारी साखळी) घाला, दम द्या, हा डोक्यावर बसलाय. शेजारचे म्हणाले नसबंदी करा, शांत होईल.

या मॅडमनी फोनवरच सांगितलं, आधी डॉक्टरकडे तपासणी, मग मी येते. एवढ्यासाठीच मी त्यांना पैकीच्या पैकी मार्क देईन. चांगल्या स्वभावाचा कुत्रा अचानक बदलला तर आधी दुखणं शोधायचं असं त्यांचं म्हणणं, म्हणजे कान, दात, सांधे, गोचीड ताप, थायरॉइड. ब्लड रिपोर्ट नॉर्मल आले, पण एक्स-रेमध्ये हिप डिस्प्लेसिया निघाला, म्हणजे खुब्याचा सांधा नीट बसत नाही, जो शेफर्ड, लॅब, रॉटवायलर यांच्यात बराच दिसतो. बिचाऱ्याला दुखत होतं म्हणून तो हात लावू देत नव्हता!! डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, वजन कमी करायला सांगितलं, आणि माणसांची पेनकिलर चुकूनही द्यायची नाही असं बजावलं.

मग मॅडम घरी आल्या. बराच वेळ त्याला हातसुद्धा लावला नाही, नुसतं बघत बसल्या, तो उठतो कसा, जिन्यावर मागचे दोन्ही पाय एकदम सशासारखे उचलतो का. आमच्या गुळगुळीत टाइल्सवर त्याचे पाय घसरतात हे त्यांनीच दाखवलं, आता हॉलभर रबरी मॅट आहेत. गुरगुरल्यावर ओरडायचं नाही हे त्यांनी सगळ्यांना पुन्हा पुन्हा समजावलं, कारण गुरगुरणं ही त्याची सूचना आहे, ती मारून बंद केली की पुढच्या वेळी न सांगता चावेल. झोपलेल्याला आधी नावाने हाक मारायची, तो उठून आपल्याकडे आला तरच हात लावायचा, आणि भाचे मंडळी आली की मध्ये जाळीचं गेट.

बास्केट मझलची (चावू नये म्हणून तोंडावर घालायची टोपलीसारखी जाळी) सवयही त्यांनीच लावून दिली, आत दही लावून, हळूहळू. तोंड आवळणारं कापडी मझल फिरायला वापरू नका, त्यात कुत्र्याला धापा टाकता येत नाहीत आणि आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये ते जिवावर बेतू शकतं.

आता ब्रूनो बराच सैल झालाय, स्वतःहून सासूबाईंच्या पायाशी येऊन बसतो. तरी लहान मुलांसोबत त्याला एकटं सोडत नाही, सोडणारही नाही.

न आवडलेलं म्हणजे फी एका व्हिजिटला ३००० रुपये, वेटिंग खूप, आणि लेखी प्लॅन सगळा इंग्रजीत. सासूबाईंना वाचता येईना, मागितल्यावर मात्र त्याच दिवशी मराठीत व्हॉइस नोट आली. बुकिंग करताना वागणुकीचा व्हिडिओ आणि लसीकरणाचं कार्ड मागतात, रेबीजची लस बाकी असेल तर आधी ती घ्या, त्याशिवाय त्या तारीखच देत नाहीत.