पुण्याच्या नामांकित कॉलेजात बीए अर्थशास्त्र : दहा महिन्यांनंतर

कटऑफ, नॅकची ग्रेड, हॉलमधले माजी विद्यार्थ्यांचे फोटो हे तुम्ही पाहिलेलंच असणार, ते परत लिहीत नाही. कॉलेजचं नावही लिहीत नाही, अजून तिथंच दिवस काढायचेत.

मी राळेगाव तालुक्यातली. बारावी आर्ट्स, गणित दहावीलाच सुटलेलं. यवतमाळला ॲडमिशन जवळपास पक्की होती, पण पुण्याच्या यादीत नाव लागलं आणि बाबा म्हणाले, "नाव मोठं हाय त्याचं, जाय." फी फार नाही. खरा खर्च खोलीचा आणि मेसचा, महिन्याला साडेआठ हजार. २०२४-२५ला लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७५२१ होता, आम्ही व्यापाऱ्याला ६९००नं दिला. म्हणजे दर महिन्याला सव्वा क्विंटल कापूस मी एकटी संपवते.

आता वेळापत्रक. नव्या शैक्षणिक धोरणात ओपन इलेक्टिव्ह, म्हणजे आपण निवडायचा जोडविषय, दुसऱ्या शाखेतून घ्यावा लागतो. माहितीपत्रकात तिथं 'संख्याशास्त्र' छापलं होतं आणि मी त्याच भरवशावर आले. जिन्याजवळच्या बोर्डावर वेळापत्रक लागलं, तर संख्याशास्त्र आणि आमचं सूक्ष्म अर्थशास्त्र दोन्ही मंगळवारी-गुरुवारी ९.२०ला. ऑफिसच्या खिडकीशी तीनदा गेले. तिसऱ्यांदा उत्तर आलं, "मग दुसरा घे ना, परसबागेत जागा आहे." घेतला. घरी फोन केला तर बाबा म्हणे, "परसबाग? ते त आपल्या घरी फुकट हाय."

त्या बोर्डाचा फोटो अजून मोबाइलमध्ये आहे. दुसऱ्या सेमिस्टरचाही काढला. तेच, फक्त वार बदललेले.

हसून सोडून दिलं असतं, पण दिवाळीत 'जॅम'चा, म्हणजे आयआयटीतल्या पदव्युत्तर प्रवेश परीक्षेचा, अभ्यासक्रम उघडला. अर्थशास्त्राचा पेपर त्यात २०२१पासून आहे. सूक्ष्म, स्थूल, भारतीय अर्थव्यवस्था, आणि सोबत संख्याशास्त्र आणि गणित. वर्गात मी मागणी वक्राचा उतार कसा काढायचा विचारलं होतं, तेव्हा "ते सायन्सवाल्यांचं, तू व्याख्या नीट लिही" म्हणून सांगितलं होतं. व्याख्या मी नीटच लिहिते.

त्याच सुटीत यवतमाळला शिकणारी मैत्रीण भेटली. त्यांचे सर तासिका तत्त्वावरचे, पगार कधी होईल याचा पत्ता नाही, वर्गात मुलं अकरा. त्यांनी कॉबवेब, म्हणजे कोळ्याच्या जाळ्यासारखं भाव आणि पेरणीचं चक्र, तुरीवरून शिकवलं. २०१५ला डाळ किलोला दोनशेवर गेली, तो भाव पाहून पुढच्या खरिपात सगळ्यांनी तूर पेरली, आणि २०१७च्या सुरुवातीला बाजार क्विंटलला ५०५०च्या हमीभावाखाली. आमची पोतीही तेव्हा खरेदी केंद्रावर बारदान्यासाठी पडून होती, मी ट्रॅक्टरवर बसून होते. पेरणी मागच्या भावावर आणि विक्री पुढच्या भावावर, हे तिनं वहीच्या मागच्या पानावर चार रेघांत काढून दाखवलं. मला आमच्या पाठ्यपुस्तकातलं तेच प्रकरण पाठ होतं, पण ते आपल्याच तुरीचं आहे हे तोपर्यंत कळलं नव्हतं.

तेव्हा लिहिलं असतं तर एक स्टार दिला असता. आता तीन देते, कारण नावाचा उपयोग झाला हे नाकारत नाही. सुटीतल्या सर्वेक्षणाच्या कामासाठी अर्ज केला, कॉलेजचं नाव ऐकताच तिकडून लगेच फोन आला. लायब्ररी रात्रीपर्यंत उघडी असते. होस्टेलवरची एक सीनियर अकरावी सायन्सचं गणित शिकवते, बदल्यात मी तिला माय पाठवते ती तिळाची चटणी देते. पण यातलं कॉलेजनं काय दिलं आणि पुण्यानं काय, ते वेगळं काढता येत नाही.

ज्यांना अर्थशास्त्रच करायचं आहे त्यांनी मोठं नाव आणि त्या विषयाचं नाव वेगवेगळं पाहावं. पुण्यातलीच गोखले इन्स्टिट्यूट १९३०पासून याच विषयासाठी ओळखली जाते. आमच्या कॉलेजात अर्थशास्त्र हा अनेक खोल्यांपैकी एका खोलीवरचा बोर्ड आहे.

यंदा चुलत भावाचे फॉर्म भरतोय. त्याला सांगितलं, मागच्या वर्षीचं वेळापत्रक मागून घे. एका कॉलेजात फोन लावला, तिकडून विचारलं, "तुम्हाला कशाला हवंय?" ते यादीतून काढलं. यवतमाळच्या सरांनी व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला, कोपऱ्यात चहाचा डाग आहे, पण संख्याशास्त्र सोमवारी १२ला, कशावरही आदळत नाही.